शिवभूती आणि 'डोंगरचा राजा'

आमच्या तळा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा फर्मान निघालं. प्रत्येकानं खरं नाव लावायचं. नाव, आडनाव, आळी. फोटो स्वतःचा. वाघाचा, गडाचा किंवा भाच्याचा चालणार नाही.

निमित्त 'डोंगरचा राजा'. हा इसम रोज पहाटे विचारायचा, "नळाला पाणि तीन दिवसांआड का? टाकीच्या रंगाचे पैसे दोनदा कसे निघाले?" उत्तर एकालाही सुचेना, पण हा राजा कोण याचा तपास मात्र जोरात सुरू. नंबर होता, पण तो मुंबईच्या कुणा चाकरमान्याच्या जुन्या सिमचा.

"ज्याला नाव नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?" अ‍ॅडमिन म्हणाला. मला पटलं. नाव लावण्याची रीत आपल्या तालुक्यात दोन हजार वर्षांची आहे. मांदाडजवळ कुड्याची लेणी बघा. दान देणाऱ्या वैद्यानं, माळ्यानं, कऱ्हाडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्यानं आपापलं नाव कातळात कोरून घेतलंय. शिवभूती नावाच्या लेखनिकानं लेणं दिलं, तेही बायको नंदेसकट. मात्र लेखात आधी त्याच्या साहेबाची आई, मग साहेब महाभोज खंडपालित, मग शिवभूतीचे आईबाप आणि त्यानंतर शिवभूती. आपल्या वाढदिवसाच्या बॅनरवर तरी वेगळं काय असतं?

पण सगळी लेणी फिरलो, तक्रार कोरलेली कुठे दिसली नाही. 'साहेबांनी पगार थकवला, इति शिवभूती' असं काही नाही. छिन्नी तीच, कातळ तोच, धीर तेवढा नाही. देणगी नावानिशी आणि गाऱ्हाणं निनावी, हा कोकणचा जुनाच हिशेब. कचेऱ्यांनीही तो ओळखला. निनावी अर्जांवर कारवाई करू नये असं केंद्रीय दक्षता आयोगानं १९९९ सालीच कळवून टाकलं. नाव घालून लिहिलं तर काय होतं, ते २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींनी पाहिलं. फेसबुकवर मुंबईतल्या बंदबद्दल एकीनं दोन ओळी लिहिल्या, दुसरीनं त्या आवडल्याचं दाखवलं, दोघींना अटक. आणि १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकातल्या पत्रांतून आपल्याच समाजाचे वाभाडे काढणाऱ्या गोपाळ हरी देशमुखांनी सही केली ती 'लोकहितवादी' अशी. आमच्या अ‍ॅडमिननं त्यांना पहिल्याच पत्रानंतर ग्रुपमधून काढलं असतं.

असो. फर्मान लागू झालं. आता ग्रुप कसा निर्मळ आहे! शुभ सकाळ, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, पुन्हा शुभ सकाळ. सगळे खऱ्या नावानं. पाणी तीन दिवसांआडच येतं, पण विचारतं कोण?

काल मात्र एसटी स्टँडच्या भिंतीला वहीचं पान चिकटवलेलं सापडलं. डाव्या हातानं लिहिल्यासारखं अक्षर, प्रश्न तेच दोन. अण्णांनी चष्मा वर केला, बराच वेळ वाचलं आणि म्हणाले, "पाणी ऱ्हस्व लिवलंय. आपल्या शाळंत ते एक गुरुजी होते ना, ते फळ्यावर असंच लिवायचे. त्यांच्याच हाताखालचा कुणीतरी हा."

जमलेल्यांत त्या गुरुजींच्या हाताखालून गेलेले आम्ही सात जण होतो. सगळे एकदम चहाला निघालो.