खातेवाटप

शाळा सुरू झाली की शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक लागते. मोबाइलवर मतदानयंत्राचं ॲप, बोटाला शाई, शपथविधीला सरपंच. सगळं कसं रीतसर. मग खातेवाटप. स्वच्छतामंत्र्याच्या हाती झाडू, पाणीमंत्रिणीच्या हाती सरांचा तांब्या. मुख्यमंत्री ‘एकसाथ नमस्ते’पुरता. पाणीमंत्रिणीने खातं जरा मनावर घेतलं आणि विचारलं, “सर, मुलींच्या संडासात नळ कधी येणार?” सर म्हणाले, “आधी परिपाठाची रांग सरळ कर.”

पुढे कॉलेजात तरी? महाराष्ट्रात १९९४च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका थांबवल्या, २०१६च्या कायद्याने परत आणल्या. त्यानंतर वर्षानुवर्षं त्या कागदावरच सुखाने नांदल्या. मतदार जागृतीची प्रभातफेरी मात्र दर निवडणुकीला निघते, याच शाळकरी पोरांची, भर उन्हात. घोषणा अर्थात सरच लिहून देतात.