फ्लेक्सवरचे शेठ

इचलकरंजीत कापडाची पारख अंगठ्याने होते. दलाल तागा उलगडतो, कापड बोटांत चोळतो, उजेडाकडे धरतो आणि चकार शब्द न काढता भाव खाली आणतो. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासूनच गावाला ही चोळून बघायची खोड लागली असावी. माणसंही आम्ही तशीच चोळून बघतो.

म्हणून ओळखीच्या एका शेठजींनी यंदा जूनमध्ये चौकात फ्लेक्स लावला, तेव्हा मला त्यांची काळजीच वाटली. शेठजी माणूस चांगला. शाळेच्या पोरांना वह्या द्यायचे, तेही वीस वर्षं गुपचूप. यंदा पुतण्याने डोक्यात भरवलं, की काका, चांगुलपणा दिसला पाहिजे. झालं! वीस फुटी फ्लेक्सवर शेठजी हात जोडून उभे, वर ‘दानशूर’, खाली ‘सचोटी हाच आमचा धर्म’.

तिसऱ्या दिवशी खर्चीवाले आले. म्हणजे शेठजींचं सूत नेऊन आपल्या मागावर मजुरीने कापड विणून देणारे. एरवी दिवाणजींकडे चार चकरा मारून परत जाणारी माणसं थेट गादीवर टेकली. “वह्या वाटल्यासा, लई बेस झालं शेठ. आमचं दोन महिन्यांचं बिल तेवढं बघा की.” शेठजींच्या शेडमधल्या कामगारांची मजुरी बावन्न पिकांच्या (पीक म्हणजे आडवा धागा) मीटरला पैशांत मोजली जाते, त्यांनी फ्लेक्सचे चौरस फूट मोजले. मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन आली. आणि दलाल? आजवर शेठजींच्या शब्दावर माल उचलणारा तो गृहस्थ ‘सचोटी’ वाचून दचकला आणि प्रत्येक तागा मीटरवर मोजून घेऊ लागला. धर्माची पाटी लावावी लागली म्हणजे काहीतरी बिनसलंय, हा त्याचा तर्क. मला तो अगदीच चुकीचा वाटत नाही.

मोठ्यांचंही हेच. फोक्सवॅगनची लबाडी 2015 मध्ये उघडी पडली. धुराच्या चाचणीत लबाडी केली हा एक गुन्हा. पण ‘स्वच्छ डिझेल’ म्हणून मिरवलं, यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2016 मध्ये निराळा दावा लावला. आमच्याकडे कमिशन लागत नाही. कापड रंगवणाऱ्या एखाद्या प्रोसेसवाल्याने भिंतीवर ‘पंचगंगा वाचवा’ रंगवलं, की लोक भिंत वाचून आधी नदीला मिळणाऱ्या काळ्या ओढ्यात डोकावतात, आज पाणी कुठल्या रंगाचं आहे ते बघायला.

जुलैत पाऊस लागला आणि शेठजींच्या शेडचा पत्रा गळू लागला. आता तो फ्लेक्स तिथे आहे, चार विटा ठेवून दाबलेला. समोरच्या गच्चीवरून बघितलं तर शेठजी आभाळाला हात जोडून पडलेले दिसतात. खाली माग कोरडे आहेत. कामगार म्हणतात, “आत्ता कुठं शेठ कामाला आलं.”