कॅरेट किती बसतील?

छत्रपती संभाजीनगरला आलेला पाहुणा वेरूळ बघतो, दौलताबाद चढतो, मकबऱ्यापुढे फोटो काढतो आणि उरलेल्या वेळात हिमरू शाल घ्यायची की नाही यावर बायकोशी वाद घालतो. आमचे दाजी वर्षानुवर्षं पाचोडकडून या शहरात येतात. त्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. त्यांचं शहर चार ठिकाणांचं: जाधववाडीचं मार्केट, मोंढा, कोर्ट आणि घाटी दवाखाना. यंदा पाडव्याच्या तोंडावर त्यात पाचव्याची भर पडली. मृग बहाराच्या मोसंबीला बरा भाव लागला होता आणि दाजींना पिकअप घ्यायची होती.

"मेव्हणे, भाड्यापायी आजवर जे घातलं ना, त्यात दोन टायर आन् एक दरवाजा आपला झाला असता," ते फोनवर म्हणाले. "उद्या माल घेऊन येतो. तिथून शोरूमं दाखवा."

मी सिडकोत राहतो, एका सरकारी खात्यात कारकुनी करतो आणि वाहन म्हणून माझ्याकडे एक स्कूटर आहे. पण शहरातल्या मेव्हण्याला डॉक्टरपासून डिझेल इंजिनापर्यंत सगळं कळतं, हा गावाकडचा समज मी कधी मोडू दिलेला नाही.

जाधववाडीत पोचलो तेव्हा माल उतरून झाला होता. ज्या भाड्याच्या पिकअपमधून तो आला, तिच्यातूनच आम्ही नवी पिकअप बघायला निघालो. केबिनमध्ये ड्रायव्हर मामा, पलीकडच्या खिडकीशी दाजी आणि मध्ये मी. मधल्या माणसाच्या दोन गुडघ्यांमध्ये गिअरचा दांडा येतो. मामा "दुसरा" म्हणाले की पाय आवरायचे, "तिसरा" म्हणाले की सोडायचे. सिडको चौकापर्यंत मला क्लच सोडून सगळं यायला लागलं होतं. भाचा मागून पल्सरवर येत होता. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 मध्ये आला. तेव्हापासून आमच्या जिल्ह्यातला पोरगा आधी दुचाकीवर बसतो आणि मग चालायला शिकतो.

हौद्यात दाजींनी एक रिकामं कॅरेट मुद्दाम ठेवलं होतं. ते कशाला, हे पहिल्या शोरूममध्ये कळलं.

जालना रोडवरचं ते शोरूम. आरशासारखी फरशी, अंगावर गार वारा. टाय लावलेल्या पोराने "वेलकम सर" म्हणेपर्यंत दाजी कॅरेट काखेत मारून गाडीच्या मागे पोचले होते. पोरगा पुढे बॉनेटजवळ उभा राहून टर्बो, इंटरकूलर, टॉर्क असं सांगत होता, आणि मागे हौद्यात कॅरेट उलटंपालटं होत होतं. लांबीत किती, रुंदीत किती. दाजींनी बोटावर हिशेब मांडला.

"लांबीला पाच, रुंदीला चार. एका थराला वीस. चार थर लावले तर ऐंशी. बसतील का?"

"सर, पेलोड 1700 किलो आहे."

"पंचवीस किलोचं कॅरेट. म्हंजी अडुसष्ट. मग वरचे बारा कुठं ठिवायचे? तुमच्या मांडीवर?"

पोरगा माहितीपत्रक चाळू लागला. त्यात मांडीचा उल्लेख नव्हता. तेवढ्यात दाजींनी फाळक्याच्या पत्र्यावर अंगठा दाबून पाहिला, कडी दोनदा लावून काढली आणि धोतर सावरत सरळ गाडीखाली शिरले. शोरूममधल्या एका जोडप्याला वाटलं, म्हातारा पडला. खालून आवाज आला, "पाटे मोजू लागलो. यात अजून एक टाकता येतो का?" पोरगा म्हणाला, तसं केलं तर वॉरंटी जाते. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "बाहेर टाकून देतात काका." इथे त्याचा 'सर' जाऊन 'काका' आला, आणि खरी बोलणी सुरू झाली.

दाजींची ही पद्धत मला इतकी पटली की माहितीपत्रकं मी तिथेच दुमडून खिशात घातली. गाड्यांची तुलना न्यूटन-मीटरमध्ये करणाऱ्याने कधी मोसंबी तोडलेली नसते. कॅरेटात सांगायचं तर सगळा बाजार पाच ओळींत उरकतो. टाटांचा एस, म्हणजे 2005 मध्ये आलेला छोटा हत्ती, पाऊण टन: तीस कॅरेट. अशोक लेलँडचा 2011 मधला मूळचा दोस्त, सव्वा टन: पन्नास. टाटांची इंट्रा व्ही-50, दीड टन: साठ. महिंद्राची 1.7 टनी बोलेरो पिकअप: अडुसष्ट. टाटांचा योद्धा 2.0 आणि बोलेरो मॅक्सची दोन टनी गाडी: ऐंशी. हे सगळं कागदावरचं. मराठवाड्यात कागदावरचे साठ आणि रस्त्यावरचे साठ यांची गाठ सहसा पडत नाही.

प्रत्येक शोरूमकडे एक तक्ता असतो. स्वतःच्या गाडीच्या रकान्यात हिरव्या खुणा, बाकीच्यांच्या रकान्यांत लाल फुल्या. तीन ठिकाणचे तीन तक्ते मी नंतर शेजारी शेजारी मांडले. प्रत्येक गाडी एकदा पहिली आली होती आणि दोनदा नापास झाली होती. मायलेजचा आकडा मात्र सगळ्यांनी एकाच सुरात, डोळ्याला डोळा न देता सांगितला.

जीएसटीचं प्रकरण दाजींना पाठ होतं. 2025 च्या 22 सप्टेंबरपासून मालवाहू गाड्यांवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला, हे पोराने मोठ्या उत्साहात सांगायला घेतलं. दाजींनी त्याला मध्येच थांबवलं. "ते सरकारनं सोडलं. तुम्ही काय सोडता?" पोराने ताडपत्री फुकट देऊ केली. दाजी म्हणाले, ताडपत्री घरी हाये.

परमिटच्या बाबतीत मात्र ते कान देऊन ऐकत होते. गाडीचं मालासकट एकूण वजन 3000 किलोंपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्याने मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. त्यामुळे काही पिकअप कागदोपत्री तीन टनांच्या जेमतेम आत येऊन थांबतात, वजनकाट्यावर पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्या माणसासारख्या. आणि भाच्याच्या लायसनचं काय? ते तर साधं हलक्या वाहनाचं. तोही प्रश्न सुटलेला निघाला: सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितलं आहे की साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी त्याच लायसनवर चालवता येते. "पाच न्यायाधीशांनी परवानगी देली," दाजी मला म्हणाले, "पर मी अजून देली न्हाई."

भाच्याचं मन वेगळीकडेच होतं. त्याला हवी होती टोयोटाची हायलक्स, नाही तर इसुझूची व्ही-क्रॉस. चार दरवाजे, मागे छोटा हौदा, पुढे भिवई चढवलेलं तोंड. टोयोटाचा कारखाना आपल्या बिडकीनला व्हायचाय, म्हणजे ही घरचीच गाडी, असा त्याचा युक्तिवाद. किंमत तीस लाखांच्या आसपास ऐकल्यावर दाजींनी फक्त विचारलं, "कॅरेट किती बसतील?" भाचा गप्प. मग त्याने शेवटचं अस्त्र काढलं, मोबाईलवर अमेरिकेतली फोर्ड एफ-150. घरासमोर उभी केली तर घर दिसणार नाही एवढी. तिथे ही मालिका चाळीसहून अधिक वर्षं सगळ्यात जास्त खपणारा ट्रक आहे, फोर्ड, शेव्हरोले आणि रॅम यांच्या भक्तांमध्ये पिढीजात वैर चालतं, आणि इंजिन चारशे घोड्यांचं मिळतं.

"माल किती नेती?"

"एक-दीड टन, दादा."

"आन् बोलेरोचे घोडे किती?"

"पाऊणशेच्या आसपास."

दाजींनी क्षणभर हिशेब केला. "म्हंजी तिकडचे घोडे कामचुकार हायेत."

मग मीही माझी भर घातली. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर 1964 पासून 25 टक्के आयातकर आहे, आणि त्याचं मूळ कोंबडीत आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला, त्याचा राग अमेरिकेने ट्रकवर काढला. कोंबड्यांचं भांडण मिटलं, कर राहिला. ड्रायव्हर मामा इतका वेळ काही बोलले नव्हते. ते म्हणाले, "आमच्याकडं कोंबडीवरून बांधाची भांडणं होत्यात. पर साठ वर्सं न्हाई चालत."

एका ठिकाणी कोटेशनवर सही करणारे साहेब जेवायला गेले होते. दोन तासांनी या म्हणाले. दाजी म्हणाले, आता हिंडूच लागलोत तर मकबरा दाखवा. त्यांच्या पंचक्रोशीतल्या शाळांच्या सहली इथे येतात, पण सहलीच्या वयात ते गुरांमागे होते. मकबऱ्याच्या बागेत सावली धरून आम्ही अक्काने दिलेल्या भाकरी आणि ठेचा सोडला, आणि मी माहिती देऊ लागलो. आझमशहाने आईसाठी बांधलेली कबर, सतराव्या शतकातली. दारावर वास्तुकार अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावं. संगमरवर लांबून गाड्यांवर लादून आणलेला. टॅव्हर्निए नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याला वाटेत अशा तीनशेएक गाड्या दिसल्या होत्या, आणि त्यातल्या सगळ्यात लहान गाडीला बारा बैल.

इथपर्यंत दाजी ठेच्यातच गुंतले होते. बारा बैल म्हटल्यावर वर बघितलं. "एका गाडीला? मग चारा किती लागला आसंल?" मायलेजचा प्रश्न इतका थेट मी दिवसभरात ऐकला नव्हता.

खर्चाचा आकडा सांगितला तेव्हा मात्र त्यांनी भाकरी खाली ठेवली. औरंगजेबाने सात लाख मंजूर केले होते, आणि एकूण खर्च आला 6,68,203 रुपये 7 आणे, अशी नोंद आहे. ताजमहालाशी तुलना करून लोक या इमारतीला साडेतीनशे वर्षं नाकं मुरडतायत. दाजींनी इमारतीकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं. "मंजुरीच्या आत काम केलं! आन् वर आण्यापरेंत हिशेब!" माझ्या खात्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण माझ्याकडे बघितलं.

परत जालना रोडला आलो तर साहेब जेवून आले होते. कोटेशन टाइप होईपर्यंत पोराने दाजींना शहराची सगळ्यात आवडती गोष्ट ऐकवली. ऑक्टोबर 2010 मध्ये इथल्या लोकांनी गट करून एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या, 65 कोटींच्या आसपासचा सौदा. देशभर गाजला. एकगठ्ठा घेतल्यामुळे सूट मिळाली आणि कर्जाचा व्याजदरही उतरला. दाजींनी तिथल्या तिथे फोन काढला. दीडशे मर्सिडीज होतात तर गावात दहा पिकअप का नाही?

पुढचा बराच वेळ ते शोरूमच्या पायरीवर बसून गाव जोडत होते. दहा जण तयार झाले. पण दोघांना योद्धाच पाहिजे, कारण वडिलांची टाटाची 207 होती आणि ती अजून चालते. चौघांना बोलेरो. एकाच्या साडूकडे दोस्त आहे, म्हणून त्याला दोस्तच. दुसऱ्याच्याही साडूकडे दोस्त आहे, म्हणून त्याला दोस्त सोडून काहीही. एकाला गाडी जुनीच पाहिजे होती. शेवटच्याने होकार दिला आणि मग विचारलं की पैसे लगेच द्यावे लागतील का. मर्सिडीजवाल्यांचं बरं होतं, त्यांना एकच कंपनी पसंत पडली. पिकअपमध्ये ते होत नाही, कारण ही गाडी माणूस वापरायला घेतो.

संध्याकाळी झाल्टा फाट्याकडे निघताना दाजींनी अखेर ड्रायव्हर मामांना विचारलं. दिवसभर तीन टाय आणि एक मेव्हणा त्यांना सल्ला देत होते. पिकअप चालवून पोट भरणारा माणूस मात्र शेजारी मुकाट बसला होता. मामांनी नजर रस्त्यावरून न काढता सांगितलं, "आपल्या फाट्यावर लिंबाखाली मिस्त्री बसतो. त्याच्या पत्र्याच्या डब्यात ज्या गाडीचे पार्ट हायेत, ती घ्या. रात्री दोनला आडूळजवळ बंद पडली तर शोरूमचा पोरगा फोन उचलणार न्हाई. मिस्त्री उचलतो. शिव्या देतो, पर येतो."

मी तक्ते खिशातून काढून डॅशबोर्डवर ठेवले. मामांनी त्या कागदांनी काच पुसली.

मिस्त्रीच्या डब्यात बोलेरोचे पार्ट निघाले. पाडव्याला पिकअप दारात आली, अक्काने ओवाळलं, चाकाखाली लिंबू फुटलं. भाच्याने पुढच्या काचेवर गावाचं नाव एवढं मोठं लिहून घेतलं की समोरचं दिसायला वाकावं लागतं. गाव बघायला जमलं. हौद्यावर हात फिरवून प्रत्येकाने कितीला पडली ते विचारलं आणि ऐकल्यावर प्रत्येकजण एकच म्हणाला, जालन्याला घेतली असती तर दहा हजारांनी स्वस्त पडली असती. जालन्याहून गाडी घेतलेले एक गृहस्थही तिथेच होते. त्यांना लोकांनी बीडचं नाव सांगितलेलं आहे.