सहज हसा!

साखरपुड्याच्या फोटोंत भाचीला 'अगदी नॅचरल' दिसायचं होतं, म्हणून तयारी तीन आठवडे चालली. जावईबापूंचा भात बंद. गाऊन भाड्याचा, घोळ इतका की तो धरून पळायला मामा लागला. पहाटे साडेतीनला पुणं सोडून वाईजवळ मेणवली गाठली. नाना फडणवीसांचा घाट, शेजारी १७३९ च्या वसई विजयातली पोर्तुगीज घंटा. फोटोग्राफर म्हणाला, "घंटा नको, गाऊनला मॅच होत नाही. दादा, वहिनींकडे बघून सहज हसा."

दादा अकराव्या खेपेला सहज हसले. तोवर घोळ कृष्णेत भिजला, डिपॉझिट गेलं.

मागे धुणं धुणाऱ्या मावशी मात्र पहिल्याच फोटोत नॅचरल आल्या होत्या. त्यांना नंतर पुसून टाकलं.