बोळिंजमधले शिक्षणाधिकारी

शाळेत जाणाऱ्या मुलाला लिफ्टमध्ये कोणी ‘सात आठे किती?’ असं विचारत नाही. ‘कितवीत आहेस रे?’ एवढं विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत मजला येतो. आमची लेक मात्र घरीच शिकते, शाळेत घातलेलीच नाही, ही बातमी विरारच्या बोळिंजमधल्या आमच्या सोसायटीत पसरली आणि फ्लॅटाफ्लॅटांतून शिक्षणाधिकारी बाहेर पडले. दूधवाल्याने एकोणतीसचा पाढा विचारला. मला विचारला असता तर मी दूधच बंद केलं असतं. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक तर ती दिसली की नकळत खिशातलं लाल पेन चाचपतात.

शाळेतल्या मुलाला पाढे आले नाहीत तर शाळा वाईट. हिला आले नाहीत तर आई वाईट. आणि आले तर? ‘पोरगी मुळातच हुशार हो! शाळेत घातली असती तर कुठल्या कुठे गेली असती.’ म्हणजे श्रेय तिने न पाहिलेल्या शाळेला.

२००९चा शिक्षणहक्क कायदा सांगतो की ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. न घातल्यास काय शिक्षा, हे मात्र कायद्यात लिहिलेलं नाही. ती उणीव आमच्या सोसायटीने भरून काढली.

उत्तरादाखल मी मालविका जोशी पाठ करून ठेवली आहे. मुंबईची मुलगी, आईने सातवीत शाळेतून काढून घरी शिकवली, दहावी-बारावीचा कागद नाही, तरी प्रोग्रॅमिंग ऑलिंपियाडच्या पदकांवर २०१६ साली अमेरिकेच्या एमआयटीने बोलावून घेतली. हे ऐकून शेजारच्या काकू हळहळल्या, ‘पण आयआयटी नाहीच ना मिळाली?’ नाही मिळाली. तिथे बारावी लागते.

मग मी जिल्ह्याचा अभिमान बाहेर काढते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली आपल्याच बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला पोरं गुरं सोडून शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. काकू म्हणाल्या, ‘पण तुमच्याकडे गुरं कुठायत?’ यावर मी अजून उत्तर शोधते आहे.

आमच्या घरशाळेत भूगोल ह्यांच्याकडे. विरार लोकलमध्ये आयुष्य गेल्याने तो चर्चगेटला सुरू होतो आणि विरारला संपतो. लेकीला जगाचे खंड अजून नीट सांगता येत नाहीत, पण कुठल्या स्टेशनला कोणत्या बाजूला उतरायचं हे झोपेतही सांगते. इतिहास माझ्याकडे. त्यासाठी अर्नाळ्याची बस घराजवळूनच मिळते. होडीतून किल्ल्यावर गेलो. ‘१७३७ साली मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला,’ असं मी बुरुजाखाली उभी राहून रंगवून सांगत होते. मागे वळून पाहिलं तर विद्यार्थिनी गायब. ती वाळत घातलेल्या बोंबलांपाशी उभी होती. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दांडीवर टाकायची, गाठ नाही, चिमटा नाही, हे एक मावशी तिला करून दाखवत होत्या. दोन-चार जोड्या तिने स्वतः अडकवल्या. परतीच्या बसमध्ये आमच्या दोन्ही बाजूंच्या सीट आपोआप मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी विचारलंच, ‘अर्नाळ्याला काय शिकलीस?’ तिने बोंबील सांगितले, आणि वर विचारलं, ‘आजोबा, ते जोडीनेच का टांगतात?’ सर आयुष्यभर बोंबील खात आले आहेत. बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘हे अभ्यासक्रमात नाही.’

खरी धास्ती कागदांची. बोर्डाच्या परीक्षेला बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म. त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. जी धरलीच नाही ती सोडल्याचा दाखला आणायचा कुठून? मग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट. तिथे वय चौदा पूर्ण हवं, आणि आठवीचा कागद नसेल तर ‘दहावीचं झेपेल इतकं मी शिकलो आहे’ असं उमेदवाराने स्वतःच लिहून दिलं तरी चालतं. सरांना हे सांगितल्यावर ते खुर्चीतून उठलेच. ‘आपणच आपल्याला पास करायचं?’

लेकीला मात्र कल्पना फार आवडली. चौदा व्हायला अवकाश आहे, पण शेजारच्या पोरांची प्रगतिपुस्तकं ती गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचते, त्यामुळे भाषा तयार होती. कागद घेऊन बसली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘मराठी येते. गणित येते. बोंबील अडकवता येतात. इंग्रजी आईला विचारून सांगते.’ खाली एक रेघ मारून शेरा: ‘आईची प्रगती समाधानकारक. भागाकाराकडे लक्ष द्यावे.’