गळती त्यांची, ताप आपला

सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सच्या बातमीदारांनी टेलिग्रामवरच्या एका चॅटबॉटकडे काही कागद मागितले आणि ते मिळालेही. नाव, पत्ता, फोन, ओळखपत्राची प्रत, तपासण्यांचे अहवाल, डॉक्टरांनी केलेलं निदान. कागद स्टार हेल्थ या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांचे होते. आपल्याकडे ३ कोटी १० लाखांहून जास्त ग्राहकांची माहिती आहे, असा ती विकणाऱ्याचा दावा होता. बातमीदारांनी त्यातल्या काही पॉलिसीधारकांना गाठलं आणि खात्री केली. त्यात एका गृहस्थाच्या वर्षभराच्या मुलीच्या उपचारांचे कागदही होते. आपले कागद असे उघड्यावर आलेत, हे या माणसांना बातमीदाराच्या फोनवरून कळलं. कंपनीने त्यांना काहीच कळवलं नव्हतं.

कंपनीचं पहिलं म्हणणं होतं, की व्यापक गळती झालेली नाही आणि ग्राहकांची संवेदनशील माहिती सुरक्षित आहे. मग कंपनी मद्रास उच्च न्यायालयात गेली, टेलिग्रामवर आणि त्या चोरावर दावा लावला. ऑक्टोबरमध्ये सायबर हल्ला झाल्याचं आणि काही माहितीपर्यंत कुणीतरी बेकायदा पोहोचल्याचं मान्य केलं. चोराने ६८ हजार डॉलरची खंडणी मागितल्याचंही पुढे आलं. कोर्टात जायचा कंपनीला हक्क आहेच. पण ज्याच्या आजाराची फाइल बाजारात गेली, त्या माणसाला सगळ्यात आधी कळायला हवं होतं. तो या साखळीत सगळ्यात शेवटी आहे.

हे एका कंपनीपुरतं नाही. जून २०२३ मध्ये कोविन या कोविड लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवरची माहिती टेलिग्रामवर आली. मोबाइल नंबर टाकला की लस घेतलेल्याचं नाव, जन्माचं साल, ओळखपत्राचा क्रमांक, लसीकरण केंद्र. लशीसाठी ही माहिती कोट्यवधी लोकांनी मुकाट्याने दिली होती, कारण महासाथीत दुसरा मार्गच नव्हता. आरोग्य मंत्रालयाने बातम्या निराधार आणि खोडसाळ असल्याचं जाहीर केलं. काही दिवसांनी दिल्ली पोलिसांनी याच प्रकरणात बिहारमधून एकाला अटक केली. त्याची आई आरोग्यसेविका होती. बातम्या निराधार होत्या, तर अटक कशासाठी झाली, याचं उत्तर मंत्रालयाने द्यायला हवं होतं.

त्याआधीचं जानेवारी २०१८चं प्रकरण मला जास्त चीड आणतं. चंदिगडच्या ‘द ट्रिब्यून’च्या रचना खैरा यांनी एका दलालाला ५०० रुपये दिले आणि दहा मिनिटांत त्यांच्या हातात लॉगिन आणि पासवर्ड पडला. कुठलाही आधार क्रमांक टाकला की नाव, पत्ता, फोटो, फोन समोर. आणखी ३०० रुपयांत आधार कार्ड छापायचं सॉफ्टवेअर. आधार प्राधिकरणाने काय केलं? पोलिसांत तक्रार केली आणि एफआयआरमध्ये बातमीदाराचंही नाव आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये ॲटर्नी जनरलनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की आधारची माहिती १३ फूट उंच आणि ५ फूट जाड भिंतींआड सुरक्षित आहे. ५०० रुपयांत विकत मिळालेल्या पासवर्डला भिंतीची जाडी आडवी येत नाही. सर्वोच्च न्यायालयासमोर करायचा हा युक्तिवाद नव्हता.

दर वेळी क्रम तोच. आधी नकार, मग ‘मर्यादित’ गळतीची कबुली, मग चौकशी चालू असल्याचं निवेदन, मग शांतता. २०२१ मध्ये एअर इंडियाच्या ४५ लाख प्रवाशांची माहिती बाहेर गेली, तेव्हा प्रवाशांना निदान ईमेल तरी आले. तेही महिने उलटल्यावर.

कुणी म्हणेल, नाव आणि फोन नंबर गेला तर बिघडलं काय? पासवर्ड बदलता येतो, कार्ड बंद करून नवं घेता येतं. जन्मतारीख बदलता येत नाही. एचआयव्हीचा अहवाल, गर्भपाताची नोंद, मनोविकारांवरची औषधं, हे एकदा बाहेर पडलं की परत आत जात नाही. आणि फसवणूक करणाऱ्याचं निम्मं काम अशा तपशिलांनीच होतं. फोनवरचा माणूस तुमचा पूर्ण पत्ता सांगतो, पॉलिसीची तारीख सांगतो, आधारचे शेवटचे चार आकडे सांगतो. पलीकडच्या आजोबांना वाटतं, एवढं माहीत आहे म्हणजे खरोखरच सरकारी माणूस असणार. पुढे ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली त्यांची आयुष्यभराची पुंजी जाते. बँका, पोलीस, मोबाइल कंपन्या आपल्याला सतत बजावतात, की सावध राहा, ओटीपी सांगू नका. सल्ला योग्य आहे. पण आजोबांचा पत्ता आणि पॉलिसी क्रमांक त्या चोराला आजोबांनी सांगितलेला नव्हता. तो कुणाच्या सर्व्हरवरून गेला, हे विचारायची सोय आजोबांना नाही.

सोय नाही, हे शब्दशः खरं आहे. एप्रिल २०२२ मध्ये असा नियम निघाला, की सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत संस्थेने तो सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवायचा. चांगला नियम. म्हणजे कुणाकुणाकडून गळती झाली, याच्या नोंदी दिल्लीत जमा होतात. त्या नागरिकाने मागितल्या तर? नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने सर्ट-इनला माहिती अधिकाराच्या कक्षेतून बाहेर काढलं. सहा तासांत सरकारला कळतं, आणि ज्याची माहिती गेली त्याला विचारायचाही अधिकार राहत नाही.

आता नव्या कायद्याकडे या. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने कायद्याचा मसुदा दिला. मुंबईच्या दंगलींचा अहवाल लिहिणारे तेच न्यायमूर्ती श्रीकृष्ण. त्या मसुद्यात एक साधं, न्याय्य कलम होतं : माहिती हाताळणाऱ्याच्या चुकीमुळे नुकसान झालं, तर त्या माणसाला भरपाई मागता येईल. २०१९च्या विधेयकातही ते होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ते नाही.

दंड मात्र मोठा आहे. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटींपर्यंत. पेपरांनी मथळे केले ते याच आकड्याचे. हा पैसा जातो कुठे? भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारच्या तिजोरीत. ज्याचा अहवाल विकला गेला, त्याच्या हाती त्यातला एक रुपयाही येत नाही. उलट त्याची तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली, तर त्यालाच १० हजारांपर्यंत दंड. आणि सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्या कुठल्याही यंत्रणेला या कायद्यातून सूट द्यायचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे.

याहून वाईट गोष्ट कायद्याच्या शेवटी, कलम ४४ मध्ये आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३अ हे कलम आहे. संवेदनशील वैयक्तिक माहिती सांभाळण्यात कंपनीने हलगर्जी केली आणि तुमचं नुकसान झालं, तर कंपनीने तुम्हाला भरपाई द्यायची, असं ते सांगतं. नवा कायदा हे कलमच रद्द करतो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या भरपाईचा महाराष्ट्रातला अनुभव चांगला आहे. असे दावे ऐकायचा अधिकार राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांना आहे. पुण्यातल्या एका उद्योजकाच्या खात्यातून ८० लाखांवर रक्कम गेली होती. फसव्या ईमेलला त्याने उत्तर दिलं होतं, ही त्याची चूक. तरीही २०१३ मध्ये तेव्हाचे सचिव राजेश अग्रवाल यांनी खात्यांवरच्या देखरेखीत बँकेने कसूर केली असं ठरवून पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये द्यायला लावले. दोघांची चूक तोलून, त्या हिशेबाने पैसे. न्याय म्हणतात तो हाच. हा रस्ता फार थोड्यांना माहीत होता, त्यावरून जाणारे त्याहून थोडे. तो रुंद करायच्या ऐवजी सरकार त्यातला माहितीच्या हलगर्जीचा भाग उखडून टाकतं आहे.

वेळापत्रकही बघा. नव्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. गळती झाली तर संबंधित माणसाला विनाविलंब कळवायचं आणि माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचे, ही जबाबदारी कंपन्यांवर अठरा महिन्यांनी येणार, म्हणजे मे २०२७ मध्ये. त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ)मध्ये केलेला बदल मात्र लगेच लागू झाला. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढं कारण देऊन अधिकारी माहिती नाकारू शकतो. जनहिताची जुनी कसोटी त्या कलमातून गेली. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते असं सांगणारं कलम ८(२) शिल्लक आहे, पण ज्याने कधी तहसील कार्यालयात माहितीचा अर्ज केला आहे, त्याला पुढचं सांगायला नको. केंद्राच्या आधी, २००२ मध्ये, माहितीचा कायदा केलेलं हे राज्य आहे. त्यासाठी राळेगणसिद्धीपासून मंत्रालयापर्यंत लोक भांडले. नागरिकाच्या हातातलं काढून घ्यायला एक दिवस पुरतो आणि कंपन्यांना तयारीला दीड वर्ष द्यावं लागतं, याचा या राज्याने तरी जाब विचारायला हवा.

अमेरिकेत इक्विफॅक्स या पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीतून २०१७ मध्ये १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली, तेव्हा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पद सोडावं लागलं आणि तडजोडीत ग्राहकांसाठी ४२ कोटी ५० लाख डॉलरपर्यंतचा निधी ठेवावा लागला. प्रत्येकाच्या हाती आलेली रक्कम किरकोळच होती. पण निधी ग्राहकांच्या नावाने होता.

मागण्या तीन आहेत आणि तिन्ही संसदेच्या हातात आहेत : गळती झाली की ज्याची माहिती गेली त्याला लगेच कळवण्याची सक्ती आजपासून करा, दंडातला वाटा त्याला द्या, आणि भरपाईचं कलम परत आणा. आपल्या खासदाराला हे लेखी विचारा आणि उत्तर मागा. आणि कुणा कंपनीच्या हलगर्जीने तुमचं नुकसान झालं असेल, तर वाट पाहू नका. कलम ४३अ मे २०२७ पर्यंत लागू आहे, ५ कोटींपर्यंतच्या भरपाईचा अर्ज राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे करता येतो. तो आत्ताच करा.