कप्तान

मार्कहॅमच्या मराठी गृहस्थाच्या संसारात वस्तू एका ठरलेल्या क्रमाने येतात. आधी घर, मग बेसमेंटचं काम, मग बार्बेक्यू, जो पुढे बारा महिने ताडपत्रीखाली असतो. मग मुलं विद्यापीठात जातात, घर एकदम अंगावर यायला लागतं आणि त्या रिकाम्या जागेत बोट शिरते. सगळ्यांच्या घरात नाही शिरत. बहुतेक जण मागच्या अंगणात डेक बांधून गप्प बसतात. पण दर हिवाळ्यात एखादा गडी रात्री जेवणानंतर फोनवर जुन्या बोटींचे फोटो बघायला लागतो, आणि एप्रिलमध्ये सिमको सरोवरावरचा बर्फ विरघळेपर्यंत त्याचा कप्तान झालेला असतो.

आमचे कप्तान मूळचे पुण्याचे, सारसबागेजवळचे. ज्या गणपतीला अजूनही तळ्यातला गणपती म्हणतात आणि ज्याच्या तळ्याची कधीच बाग झाली, त्याच्या शेजारचे. पाण्याशी त्यांचा जन्माचा संबंध नळ किती वाजता येतो आणि किती वाजता जातो एवढाच. लहानपणी टिळक तलावावर पोहायला शिकलो असं ते सांगतात. वहिनी त्या वेळी दुसरीकडे बघतात.

बोट एकोणीस फुटी, फायबरची, जुनी. पुढच्या नाकाडात बसायला गाद्या, मागे पोटात पेट्रोलचं इंजिन. पण ती दारात यायच्या आधीच कप्तानांचा अभ्यास सुरू झाला होता. कॅनडात मोटारबोट चालवायची तर कार्ड लागतं. 2009 च्या सप्टेंबरपासून त्यात वयाची किंवा अनुभवाची सवलत उरलेली नाही. परीक्षा घरबसल्या देता येते आणि एकदा मिळालेलं कार्ड जन्मभर पुरतं. ज्या माणसाची दहावी 'एकवीस अपेक्षित'वर पार पडली, त्याला यापेक्षा मोठं आमंत्रण काय असणार! पन्नास बहुपर्यायी प्रश्नांसाठी त्यांनी दोन वह्या भरल्या. कार्ड आलं. त्याच्या प्रती काढल्या, त्यांना प्लास्टिक चढवलं, आणि एक फाइल जन्माला आली.

ही फाइल म्हणजे कप्तानांचं खरं गलबत. सहा मीटरपर्यंतच्या मोटारबोटीत कायद्याने काय काय हवं, त्याची यादी तिच्यात पहिल्याच पानावर. माणशी एक लाइफ जॅकेट. बुडणाऱ्याकडे फेकायला निदान पंधरा मीटरची तरंगती दोरी. पाण्यात पडलेल्याला परत चढायला शिडी. पाणी उपसायला भांडं किंवा पंप. शिट्टी. पाण्याने न बिघडणारी बॅटरी. आग विझवायचं नळकांडं. वल्हं किंवा नांगर. सरकार 'किंवा' म्हणतं. कप्तानांना 'किंवा' हा शब्द भेकडपणाचा वाटतो. त्यांनी दोन्ही घेतलं, वल्ही तर जोडीने. शिट्ट्या तीन. लाइफ जॅकेटं मात्र त्यांच्या मूळ प्लास्टिकच्या पिशव्यांतच ठेवली, नवी राहावीत म्हणून.

मागे ट्रेलर जोडून गाडी उलटी घेणं हा या छंदातला सर्वांत अपमानकारक विषय. सुकाणू डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि घाईने दुरुस्त करायला जावं तर गाडी आणि ट्रेलर एकमेकांच्या कुशीत शिरतात. त्यावर एक उपाय आहे: हात सुकाणूच्या खालच्या टोकाला धरायचा. मग हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलर जातो. हे शिकायला मोकळी जागा हवी, म्हणून कप्तान रविवारी भल्या पहाटे स्टील्स रस्त्यावरच्या पॅसिफिक मॉलच्या वाहनतळावर बोट घेऊन जायचे. पुण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर त्यांनी फोटो टाकला, खाली फक्त एवढंच: 'बोट प्रथमच पॅसिफिकमध्ये.' सदाशिव पेठेत दोन दिवस खळबळ होती.

सगळं सुरळीत चाललं असताना सासरे आले. सुपर व्हिसावर, लेकीकडे, दोन मोठ्या बॅगा आणि एक आयुष्य घेऊन. ते आयुष्य मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये, बंदरातल्या लाँचवर गेलेलं. जावयाने जेवणाच्या टेबलावर उत्साहाने धडा म्हणून दाखवला: परतताना, म्हणजे प्रवाहाच्या उलट जाताना, लाल बोया उजव्या हाताला ठेवायचा, हिरवा डाव्या. सासऱ्यांनी आमटीचा भुरका मारला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "जावईबापू, बंदरात शिरताना लाल डावीकडे. आमच्याकडे असं शिरलात तर थेट खडकावर."

पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. आणि गंमत अशी की दोघेही बरोबर. 1980 साली टोकियोत जगभरच्या दीपस्तंभवाल्यांनी बोयांचा नियम एक करायचा प्रयत्न केला, तो जवळजवळ जमलाही; रंगावर मात्र एकमत झालं नाही. मग जगाचे दोन भाग पाडले. भारत, युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया वगैरेंचा एक भाग, तिथे आत येताना लाल डावीकडे. दोन्ही अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपिन्स हा दुसरा, तिथे लाल उजवीकडे. कप्तानांनी हे छापून सासऱ्यांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि एवढंच म्हणाले, "म्हणजे चूक अर्ध्या जगाची आहे."

पहिली सफर मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीत ठरली. निघण्यापूर्वी कुठे जाणार, कोण कोण, कधी परतणार हे किनाऱ्यावरच्या एखाद्या भरवशाच्या माणसाला सांगून ठेवावं असं म्हणतात, आणि तो सल्ला सोन्यासारखा आहे. कप्तानांनी तो बेत मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. उत्तरादाखल जोडलेले हात, अंगठे, एक 'जपून रे' आणि 'येताना ब्रॅम्प्टनवरून येणार का, एक पार्सल होतं' एवढं आलं. संध्याकाळी परतलो नसतो तर यांपैकी नेमकं कोणी पोलिसांना फोन केला असता, याचा मी अजून विचार करतो.

404 महामार्गाने उत्तरेला, मग हॉलंड मार्शच्या कांदे-गाजरांच्या काळ्या शेतांच्या बाजूने, हॉलंड नदीवरच्या एका रॅम्पला पोचलो. बोटीवर एक पाटी असते: माणसं किती, वजन किती. आमच्या पाटीवर सात. आम्ही दहा, शिवाय तिखटमिठाच्या पुऱ्या, वाटली डाळ, कोकम सरबताचा कूलर आणि कोणीतरी आणलेली घडीची खुर्ची. पाटीवरच्या सातांत कॅनेडियन मुलं धरली असतील, आपली बारकी, असा एक युक्तिवाद झाला. वहिनींनी कोणालाही न विचारता तिघांना आणि खुर्चीला किनाऱ्यावर बसवलं. त्या दिवशीचा हा पहिला शहाणपणाचा निर्णय, आणि फाइलबाहेरचा.

रॅम्पवरचा शिष्टाचार असा की पट्टे सोडणं, सामान चढवणं, दोऱ्या बांधणं हे सगळं बाजूला उभं राहून उरकायचं आणि मगच उतारावर यायचं. कप्तानांना हे तोंडपाठ होतं. ते बाजूला उभे राहिले आणि फाइल काढून एकेक वस्तू मोठ्याने पुकारू लागले; मुलं 'हजर' म्हणत होती. मागची रांग वाढली. शेवटी रांगेतले एक म्हातारे, उन्हाने रापलेले, टोपीवर माशाचे गळ अडकवलेले, हळूच चालत आले, बोटीच्या मागच्या बाजूला वाकले आणि विचारलं, "बूच लावलंय का?"

बोटीच्या बुडाला मागे अंगठ्याएवढं भोक असतं. बोट बाहेर काढल्यावर आत साठलेलं पाणी त्यातून जातं, म्हणून हिवाळ्यात बूच काढून ठेवतात. वसंतात ते लावलं नाही तर पाणी त्याच भोकातून उलट येतं, आणि ते कार्ड, यादी वगैरे काही बघत नाही. सरकारच्या यादीत बूच नाही. कसं असणार? ती यादी बोटीत ठेवायच्या सामानाची आहे. बूच हा बोटीचाच भाग. कप्तान फाइल पुढून मागे आणि मागून पुढे चाळू लागले. ते बूच हिवाळ्यात त्यांनीच काढलं होतं आणि जपून ठेवलं होतं. आपल्या घरांत जपून ठेवलेली वस्तू सापडत नाही, हे मी वेगळं सांगायला नको. शेवटी फाइलच्या शेवटच्या प्लास्टिकच्या खिशातून 'सुटे भाग, किरकोळ' अशी चिठ्ठी लावलेलं पितळी बूच निघालं. म्हाताऱ्यांनी ते स्वतः बसवलं, पान्याने आवळलं आणि परत रांगेत जाऊन उभे राहिले.

या सरोवराला असल्या प्रकारांची परंपरा आहे. इथल्याच दक्षिण किनाऱ्यावर, सटनजवळच्या चर्चच्या आवारात स्टीफन लीकॉक या विनोदी लेखकाला पुरलं आहे. 1912 च्या त्याच्या पुस्तकात एक सहलीची आगबोट बुडते, पण पाणी इतकं उथळ की ती तळाला टेकून बसते, आणि वाचवायला आलेल्यांचीच नाव बुडायला लागल्यामुळे आगबोटीवरच्या लोकांनाच त्यांना वर ओढून घ्यावं लागतं.

बोट पाण्यात उतरली. पोटात पेट्रोलचं इंजिन असेल तर सुरू करण्याआधी निदान चार मिनिटं पंखा चालवायचा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती तळाशी साठून राहते आणि एका ठिणगीची वाट बघते. चार मिनिटं गप्प बसणं मराठी माणसांच्या समूहाला अवघड. सासऱ्यांनी अथर्वशीर्ष सुरू केलं. सगळ्यांनी धरलं. फलश्रुतीसकट संपलं तेव्हा घड्याळात चार मिनिटं होऊन गेली होती. ही पद्धत मी पेट्रोलबोट असलेल्या कोणालाही डोळे झाकून सुचवीन. नारळ मात्र वहिनींनी ट्रेलरच्या चाकावर फोडायला लावला. बोटीच्या नाकावर फोडला असता तर फायबरला तडा जाऊन पूजा महागात पडली असती.

नदीतून सरोवराकडे जाताना पहिला लाल बोया दिसला आणि बोटीवर शांतता पसरली. आम्ही प्रवाहाबरोबर खाली चाललो होतो. म्हणजे नियम उलटा: लाल डावीकडे. कप्तानांनी पुटपुटत दोनदा हिशेब केला, मान खाली घातली आणि बोट अशी नेली की बोया डाव्या हाताने गेला. सासरे काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त प्रत्येक लाल बोयाला, जवळून जाताना, ओळखीच्या माणसाला करतात तशी मान डोलवली.

ऑन्टारियोत किनाऱ्यापासून तीस मीटरच्या आत ताशी दहा किलोमीटरपेक्षा जास्त वेग चालत नाही. कप्तानांनी तो नियम अरुंद नदीतही लावला, त्यामुळे आम्ही सगळा वेळ त्या दहाच्याही खाली. एका कयाकमधली आजी आम्हाला मागे टाकून गेली आणि 'गुड मॉर्निंग' म्हणाली. कप्तानांनी तिला नियम समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण ती पुढे निघून गेली होती.

कुक्स बेमध्ये पाणी मोकळं झालं. इथे नावांचा एक योग आहे. हॉलंड नदी सॅम्युएल हॉलंड या मोजणीदाराच्या नावाची. खाडी जेम्स कुकच्या नावाची. सरोवराला इथल्या पहिल्या लेफ्टनंट गव्हर्नर सिमकोने आपल्या नौसैनिक वडिलांचं नाव दिलं, आणि 1758 मध्ये हे वडील, हॉलंड आणि कुक एकाच जहाजावर बसून नकाशे काढत होते. तीन नकाशेवाले एकमेकांना लागून वाहतात, आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या आमच्या बोटीत नकाशा नव्हता. यादीत तो नव्हता. कप्तानांनी वेग वाढवला, नाक आभाळाकडे गेलं, पुढे बसलेल्यांना एकमेकांशिवाय काही दिसेना, आणि पाचव्या मिनिटाला आम्ही उथळ भागातल्या पाणगवतात शिरलो. बोट ढकलणाऱ्या मागच्या पंख्याला हिरवी वेणी गुंडाळली गेली. इंजिन बंद.

पाणी बर्फासारखं होतं. मॅनिटोबातल्या गॉर्डन गीसब्रेख्ट या प्राध्यापकांनी स्वतः गारठलेल्या पाण्यात उतरून एक हिशेब मांडला आहे: पडल्यावर श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहायला दहा मिनिटं, शुद्ध राहायला साधारण एक तास. कप्तानांनी तो हिशेब अगदी अचूक सांगितला. वहिनींनी तो ऐकला आणि लाइफ जॅकेटांच्या पिशव्या फाडायला सुरुवात केली. आपण अंगात घालतोय की नाही हे त्यांनी एकेकाकडे बघून ठरवलं. नांगर टाकला, मागचा पंखा वर उचलला, आणि सासऱ्यांनी शिडीवर ओणवं होऊन वेणी सोडवली. बोटं पाण्याला फारशी लावलीही नाहीत. 'किंवा'च्या दुसऱ्या बाजूची वल्हीही त्या दिवशी कामी आली, हे मान्य केलं पाहिजे.

परत निघालो तेवढ्यात पोलिसांची लाँच आली. कप्तानांचं आयुष्य या क्षणासाठीच चाललं होतं. फाइल उघडली. कार्ड, परवाना, दोन्ही बाजूंना रंगवलेला क्रमांक, त्या अक्षरांच्या उंचीचा मोजपट्टीसह फोटो. तरुण पोलिसाने शिट्टी विचारली. तिन्ही शिट्ट्या तीन मुलांच्या गळ्यात होत्या आणि सकाळपासून वाजत होत्या, म्हणून तर लाँच आली होती.

धक्क्याला लागताना वारा मागून आला. बोटीला ब्रेक नसतो; वाऱ्याला सामोरं जाऊन, अगदी हळू, वेळेवर उलटा गिअर टाकून थांबायचं असतं. कप्तान ओरडले, "हात बाहेर काढू नका!" सगळ्यांनी हात बाहेर काढले. वहिनींनी रबरी फुगे आधीच सोडून ठेवले होते. बोट त्यांवर आपटून परतली आणि दुसऱ्या खेपेला लागली. येताना लाल उजवीकडे ठेवला होता का, हे त्या गडबडीत कोणी पाहिलंच नाही. सासऱ्यांनी पाहिलं होतं.

जूनमध्ये त्यांनीही परीक्षा दिली. बोट चालवायची तर कार्ड हवं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी का असेना. पास झाले, एक प्रश्न चुकला. कोणता चुकला हे जावयाने विचारायची हिंमत केली नाही, मुलीने विचारलं. "चुकला नाही," ते म्हणाले. "सोडला."